त्रिकोण सोडवायचा कसा: आधी जोडी शोधा, मग नियम निवडा

त्रिकोणाचे घटक सहा: तीन बाजू आणि तीन कोन. त्यांपैकी काही दिलेले असतात, त्यांवरून उरलेले काढायचे. यालाच त्रिकोण सोडवणं म्हणतात. त्यासाठी लागणारे नियम दोनच आहेत, साइनचा नियम आणि कोसाइनचा नियम. दोन्ही पाठ व्हायला फारसा वेळ लागत नाही. तरी उत्तरं चुकतात, आणि बहुतेक वेळा सूत्र न आठवल्यामुळे चुकत नाहीत. दिलेली माहिती नीट न पाहता हाताला लागेल तो नियम वापरला जातो, किंवा कॅल्क्युलेटरने दाखवलेला कोन बिनदिक्कत उतरवून घेतला जातो. या लेखाचा भर म्हणूनच सूत्रांपेक्षा त्यांच्या आधी आणि नंतर काय करायचं यावर आहे.

काटकोन त्रिकोणातली साइन, कोसाइन, टँजंट ही गुणोत्तरं आणि पायथागोरसचं प्रमेय तुम्हाला माहीत आहे असं धरतो. त्रिकोणात एक कोन ९०° असेल तर तेवढ्यावरच काम होतं, पुढचं काही लागत नाही. खरा प्रश्न काटकोन नसलेल्या त्रिकोणांचा आहे.

कागद, आकृती आणि नावं

आधी आकृती काढा. प्रमाणात नसली तरी चालेल, पण दिलेला कोन ११०° असेल तर तो आकृतीतही काटकोनापेक्षा मोठा दिसायला हवा. शिरोबिंदूंना अ, ब, क म्हणू. कोनांनाही तीच नावं. कोन अ च्या समोरची बाजू य, कोन ब च्या समोरची र, कोन क च्या समोरची ल. समोरची म्हणजे त्या कोनाला न शिवणारी. नाव देण्याची ही पद्धत क्षुल्लक वाटते, पण दोन्ही नियम तिच्यावरच उभे आहेत. बाजूचं नाव शेजारच्या कोनाशी जोडलंत, तर पुढची सगळी आकडेमोड बिनचूक करूनही उत्तर चूकच येईल.

मग कॅल्क्युलेटर. साइन ३० काढून पाहा. ०.५ आलं तर तो अंशांत चालतो आहे. −०.९८८ आलं तर रेडियनमध्ये आहे आणि ०.४५४ आलं तर ग्रेडियनमध्ये. या दोन्ही वेळी आधी सेटिंग बदला. ही तपासणी दर वेळी करावी, कारण रेडियनमधलं चुकीचं उत्तर कधीकधी अगदी खरं वाटेल असं असतं आणि मग चूक शोधता शोधता सगळी वही तपासावी लागते.

काय दिलं आहे?

त्रिकोण ठरायला तीन घटक लागतात आणि त्यांत निदान एक तरी बाजू हवी. तिन्ही कोन दिले आणि बाजू एकही नाही, तर त्रिकोणाचा फक्त आकार ठरतो. त्या आकाराचे लहानमोठे हवे तितके समरूप त्रिकोण काढता येतात.

एकरूपतेच्या कसोट्या आठवतात? बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन). शाळेत त्या सिद्धतेत कारण म्हणून लिहायच्या असतात, आणि परीक्षा संपली की विसरल्या जातात. पण त्या नेमकं हेच सांगतात की एवढी माहिती असेल तर त्रिकोण एकच, दुसरा होऊच शकत नाही. त्या यादीत ‘बाबाको’ नाही. दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला कोन दिला, तर त्रिकोण एकच असेल याची खात्री नाही. त्या भानगडीकडे पुढे सविस्तर येऊ.

नियम निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: माझ्याकडे पूर्ण जोडी आहे का? जोडी म्हणजे एक कोन आणि त्याच्याच समोरची बाजू, दोन्ही माहीत. जोडी असेल तर साइनचा नियम. नसेल तर कोसाइनचा.

कोबाकोमध्ये जोडी दिसत नाही, पण दोन कोन माहीत असल्यामुळे तिसरा १८०° मधून वजा करून मिळतो आणि जोडी तयार होते. कोकोबामध्ये ती असतेच. बाकोबा आणि बाबाबा यांत जोडी नाही आणि वजाबाकीनेही मिळणार नाही, म्हणून तिथे सुरुवात कोसाइनने. बाबाकोमध्ये जोडी आहे, साइनचा नियम चालतोही, पण तिथे सावध राहायचं.

साइनचा नियम

य / साइन अ = र / साइन ब = ल / साइन क

हा खरा का, ते दोन ओळींत कळतं. क मधून समोरच्या बाजूवर लंब टाका. त्याची उंची अ च्या बाजूने मोजली तर र × साइन अ, आणि ब च्या बाजूने मोजली तर य × साइन ब. लंब एकच आहे, म्हणून दोन्ही समान. बाकी नुसती मांडामांड. अ किंवा ब विशालकोन असेल तर लंब बाजूच्या वाढवलेल्या भागावर पडतो, पण साइन (१८०° − अ) आणि साइन अ सारखेच असल्याने नियम तसाच टिकतो. हीच समानता आपल्याला पुढे अडचणीत आणणार आहे, लक्षात असू द्या.

आता एक उदाहरण. नदीच्या एका काठावर, काठाला समांतर अशी ८० मीटरची रेषा मोजली. तिची टोकं अ आणि ब. पलीकडच्या काठावरचं झाड क. अ पाशी उभं राहून ब आणि झाड यांच्यातला कोन मोजला तो ६२°, ब पाशी तसाच मोजला तो ७१°. नदीची रुंदी किती?

तिसरा कोन क = १८०° − ६२° − ७१° = ४७°. त्याच्या समोरची बाजू ८० मीटर. जोडी मिळाली.

८० / साइन ४७° = ८० / ०.७३१३५४ = १०९.३८६

हा आकडा कॅल्क्युलेटरच्या मेमरीत ठेवा, कारण दोन्ही बाजू त्यावरूनच निघतात.

य = १०९.३८६ × साइन ६२° = ९६.५८ मीटर
र = १०९.३८६ × साइन ७१° = १०३.४३ मीटर

ही ब पासून झाडापर्यंतची आणि अ पासून झाडापर्यंतची अंतरं. रुंदी म्हणजे झाडापासून आपल्या रेषेवर टाकलेला लंब, अर्थात य × साइन ७१° = ९१.३२ मीटर. दुसऱ्या बाजूनेही पाहू: र × साइन ६२° = ९१.३२. दोन वाटांनी तेच उत्तर आलं, म्हणजे आकडेमोड बरोबर आहे.

या पद्धतीचा मोठा फायदा हा की लांबी एकदाच मोजावी लागते, बाकी सगळे कोन. आणि लांब अंतर जमिनीवर अचूक मोजण्यापेक्षा कोन मोजणं पुष्कळ सोपं असतं. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा साखळीने मोजून जे सर्वेक्षण सुरू केलं, ते पुढे त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिमालयापर्यंत गेलं ते याच बळावर. अधूनमधून नवी पायारेषा मोजून पडताळा घ्यायचा, बाकी काम कोनांचं. (पृथ्वी गोल असल्याने एवढ्या मोठ्या त्रिकोणांना दुरुस्त्या लागतात. आपल्या त्रिकोणांना त्यांची गरज नाही.)

जाता जाता: तो १०९.३८६ हा आकडा नुसता मधला टप्पा नाही. अ, ब, क या तिन्ही बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा, म्हणजे परिवर्तुळाचा, तो व्यास आहे. साइनच्या नियमातल्या तिन्ही गुणोत्तरांची किंमत नेहमी तेवढीच असते.

कोसाइनचा नियम

य² = र² + ल² − २ र ल कोसाइन अ

अ काटकोन असेल तर कोसाइन अ = ०, शेवटचं पद गळून पडतं आणि पायथागोरसचं प्रमेय उरतं. अ लघुकोन असेल तर काहीतरी वजा होतं, विशालकोन असेल तर कोसाइन ऋण असल्यामुळे मिळवलं जातं. दोन बाजू तेवढ्याच ठेवून त्यांच्यामधला कोन उघडत नेला, तर समोरची बाजू वाढत जाणार. सूत्र तेच सांगतं. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या दुसऱ्या भागात, १२व्या आणि १३व्या प्रमेयात, हीच गोष्ट कोसाइनचं नावही न घेता क्षेत्रफळांच्या भाषेत मांडलेली आहे: एकात विशालकोनासाठी, दुसऱ्यात लघुकोनासाठी. फ्रान्सच्या पाठ्यपुस्तकांत हा नियम पंधराव्या शतकातल्या अल्-काशी या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो.

सिद्धता हवी असेल तर क मधून अब वर पुन्हा तोच लंब टाका. त्याची उंची र साइन अ. अ पासून लंबाच्या पायापर्यंतचं अंतर र कोसाइन अ, आणि तिथून ब पर्यंत ल − र कोसाइन अ. उजवीकडच्या काटकोन त्रिकोणाला पायथागोरस लावा, कंस सोडवा, साइन² + कोसाइन² = १ वापरा. झालं.

उदाहरण बाकोबाचं: र = ५, ल = ९ आणि त्यांच्यामधला कोन अ = ३०°.

य² = २५ + ८१ − २ × ५ × ९ × कोसाइन ३०°
य² = १०६ − ९० × ०.८६६०२५ = १०६ − ७७.९४२ = २८.०५८
य = ५.२९७

इथे एक चूक फार वेळा होते. १०६ मधून आधी ९० वजा करायचे आणि आलेल्या १६ ला कोसाइनने गुणायचं. तसं केलं तर य = ३.७२ येतो. ही चूक पकडायची सोपी खूण आहे: ५ + ३.७२ = ८.७२, म्हणजे ९ पेक्षा कमी, आणि असा त्रिकोण अस्तित्वातच असू शकत नाही. लघुकोन दिलेला असताना ही चूक केली, की उत्तर नेहमीच दोन बाजूंच्या फरकाहून लहान येतं. विशालकोन असेल तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. म्हणजे चूक लपून राहत नाही, फक्त आपण पाहायला हवं.

आता उरलेले कोन. य मिळाल्यामुळे आपल्याकडे अ आणि य ही जोडी आहे, साइनचा नियम वापरता येईल. आधी कोणता कोन काढायचा? समजा मोठ्या बाजूसमोरचा क काढला:

साइन क = ९ × ०.५ / ५.२९७ = ०.८४९५

व्यस्त साइनची कळ दाबली की कॅल्क्युलेटर ५८.१६° दाखवतो. मग ब = १८०° − ३०° − ५८.१६° = ९१.८४°. बेरीज बरोबर १८०° होते, सगळं ठीक दिसतं, आणि उत्तर साफ चूक असतं. बाजू पाहा: ५, ५.३० आणि ९. सर्वांत लहान बाजू ५, आणि तिच्यासमोर आपण सर्वांत मोठा कोन, ९१.८४°, बसवला आहे. हे शक्य नाही.

गोम कुठे आहे? साइन ५८.१६° आणि साइन १२१.८४° सारखेच. व्यस्त साइनची कळ नेहमी ९०° च्या आतलाच कोन देते. विशालकोनाची शक्यता ती कधीच सांगत नाही. खरा क आहे १२१.८४°, आणि ब = २८.१६°.

कोसाइन या बाबतीत प्रामाणिक आहे. ०° ते १८०° मध्ये प्रत्येक कोनाचा कोसाइन वेगळा, लघुकोनाचा धन आणि विशालकोनाचा ऋण. म्हणून कोसाइनवरून काढलेल्या कोनाबद्दल संशयाला जागा नाही. यावरून बाकोबासाठी रीत ठरते: तिसरी बाजू कोसाइनच्या नियमाने काढल्यावर, दिलेल्या दोन बाजूंपैकी लहान बाजूसमोरचा कोन आधी काढा. त्रिकोणात विशालकोन एकच असू शकतो आणि तो सर्वांत मोठ्या बाजूसमोरच असतो, त्यामुळे लहान बाजूसमोरचा कोन लघुकोनच असणार. इथे साइन ब = ५ × ०.५ / ५.२९७ = ०.४७२०, ब = २८.१६°. उरलेला क वजाबाकीने १२१.८४°. ही सवय लागली की निम्म्याहून जास्त चुका होतच नाहीत, असं माझं मत आहे.

आणखी एक. व्यस्त साइनच्या कळेवर साइनच्या डोक्यावर −१ लिहिलेलं असतं. तो घातांक नाही. १ भागिले साइन असा त्याचा अर्थ लावू नका.

तिन्ही बाजू दिल्या असतील तर

आधी सर्वांत मोठी बाजू उरलेल्या दोघींच्या बेरजेहून लहान आहे ना, ते पाहा. ४, ५, १० असं दिलं तर १० समोरच्या कोनाचा कोसाइन −१.४७५ येतो आणि कॅल्क्युलेटर चूक दाखवतो. दोष त्याचा नाही. असा त्रिकोणच नाही.

नियम उलटा मांडा:

कोसाइन क = (य² + र² − ल²) / २ य र

य = ८, र = ११, ल = १५ घेऊ. सर्वांत मोठ्या बाजूसमोरचा कोन आधी काढायचा. विशालकोन असलाच तर तोच असेल, आणि तो कोसाइनकडून एकदा कळला की पुढे साइन बिनधास्त वापरता येतो.

कोसाइन क = (६४ + १२१ − २२५) / १७६ = −४० / १७६ = −०.२२७३
क = १०३.१४°

उत्तर ऋण आलं तिथेच विशालकोन आहे हे कळलं. आता साइन अ = ८ × साइन १०३.१४° / १५ = ०.५१९४, म्हणून अ = ३१.२९°. आणि ब = ४५.५७°. ब वजाबाकीने काढण्यापेक्षा साइनच्या नियमाने स्वतंत्र काढला, तर १८०° ची बेरीज हा खरा पडताळा ठरतो. वजाबाकीने काढल्यावर बेरीज जुळणारच, त्यात काही सिद्ध होत नाही.

जुन्या पुस्तकांत याच जागी टँजंटचा नियम आणि अर्धकोनांची सूत्रं भेटतात. लॉगॅरिथमच्या कोष्टकांनी गणित करायच्या काळात ती सोयीची होती, कारण लॉगॅरिथम गुणाकार-भागाकार सोपे करतात आणि कोसाइनच्या नियमात मध्येच बेरीज-वजाबाकी येते. हातात कॅल्क्युलेटर असताना ती पाठ करायची गरज नाही.

बाबाको: एक त्रिकोण, दोन, की एकही नाही?

आता ती राहिलेली भानगड. कोन अ = ६०°, त्याला लागून असलेली बाजू र = ८, आणि कोनासमोरची बाजू य = ७. त्रिकोण सोडवा.

सूत्राला हात लावण्याआधी हा त्रिकोण पट्टी-कंपासने काढून पाहा. एक आडवी रेषा, तिच्या डाव्या टोकाला अ. तिथून ६०° च्या कोनात ८ सेंटीमीटरवर क. आता कंपासमध्ये ७ सेंटीमीटर अंतर घ्या, टोक क वर ठेवा आणि आडव्या रेषेला छेदणारा कंस काढा. तो रेषेला दोन ठिकाणी छेदतो. दोन्ही बिंदू ब म्हणून चालतात. दोन्ही त्रिकोण दिलेली प्रत्येक अट पाळतात.

किती ठिकाणी छेदणार ते क च्या रेषेपासूनच्या उंचीवर ठरतं: ८ × साइन ६०° = ६.९३. य याहून लहान असेल, समजा ६, तर कंस रेषेपर्यंत पोचतच नाही आणि त्रिकोण नाही. अगदी तेवढाच असेल तर कंस रेषेला स्पर्श करतो, म्हणजे एकच त्रिकोण, आणि तोही काटकोन. ६.९३ आणि ८ यांच्यामध्ये असेल तर दोन. ८ किंवा त्याहून मोठा असेल तर पुन्हा एकच, कारण दुसरा छेद अ वर किंवा अ च्या पलीकडे पडतो आणि तिथे कोन ६०° राहत नाही. दिलेला कोन अ विशालकोन किंवा काटकोन असेल तर गोष्ट सोपी: य हा र पेक्षा मोठा असेल तर एक त्रिकोण, नाहीतर एकही नाही.

साइनच्या नियमाने:

साइन ब = ८ × ०.८६६०२५ / ७ = ०.९८९७

ब = ८१.७९° किंवा १८०° − ८१.७९° = ९८.२१°. दोन्ही किमती दर वेळी लिहायच्याच, मग तपासायचं की दिलेल्या कोनात मिळवल्यावर बेरीज १८०° च्या आत राहते का. ६०° + ८१.७९° = १४१.७९°, ठीक. ६०° + ९८.२१° = १५८.२१°, तेही ठीक. म्हणजे दोन त्रिकोण: एकात क = ३८.२१°, दुसऱ्यात क = २१.७९°. तिसरी बाजू साइनच्या नियमाने काढा, पहिल्यात ५ येते आणि दुसऱ्यात ३.

पण मला यापेक्षा दुसरी वाट जास्त आवडते, आणि ती पुरेशी शिकवली जात नाही. जोडी असूनही कोसाइनचा नियम लावा:

४९ = ६४ + ल² − २ × ८ × ल × ०.५
ल² − ८ल + १५ = ०
(ल − ३)(ल − ५) = ०

ल = ३ किंवा ५. कॅल्क्युलेटर नाही, व्यस्त साइन नाही, दोन किमतींचा घोळ नाही. वर्गसमीकरणाची जितकी धन मुळं, तितके त्रिकोण. य = ६ घेतलं तर ल² − ८ल + २८ = ०, ज्याला वास्तव मूळच नाही. य = १० घेतलं तर ल² − ८ल − ३६ = ०; एक मूळ ११.२१ आणि दुसरं ऋण, म्हणून त्रिकोण एकच. वर कंपासने जे पाहिलं तेच सगळं या एका समीकरणातून आपोआप बाहेर येतं.

प्रत्यक्षातल्या प्रश्नात दोन त्रिकोण आले तर कोणता खरा, हे गणित सांगत नाही. ते प्रश्नातल्या दुसऱ्या एखाद्या माहितीवरून ठरवावं लागतं. अशी माहिती नसेल तर दोन्ही उत्तरं द्या.

शाब्दिक उदाहरणात त्रिकोण शोधणं

एका मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाता येत नाही. सपाट जमिनीवरून त्याच्या टोकाचा उन्नत कोन २५° दिसतो. सरळ मनोऱ्याच्या दिशेने ५० मीटर पुढे गेल्यावर तो ४०° होतो. उंची किती?

दहावीच्या पद्धतीने टँजंटची दोन समीकरणं मांडून हे सुटतं. पण इथे एक काटकोन नसलेला त्रिकोण दडलेला आहे: दोन निरीक्षणबिंदू आणि मनोऱ्याचं टोक. त्याचा एक कोन २५°. पुढच्या बिंदूपाशी ४०° चा कोन या त्रिकोणाच्या बाहेर पडतो, म्हणून आतला १४०°. टोकापाशी उरतात १५°, आणि त्यांच्यासमोर ५० मीटर. जोडी मिळाली.

पुढच्या बिंदूपासून टोकापर्यंत = ५० × साइन २५° / साइन १५° = ८१.६४ मीटर
उंची = ८१.६४ × साइन ४०° = ५२.४८ मीटर

मात्र या उत्तरावर किती विसंबायचं? ४०° च्या जागी ४०.५° धरून पुन्हा करा, उंची ५१.३५ येते. अर्ध्या अंशाने एक मीटरहून जास्त फरक. कारण तो १५° चा अरुंद कोन. छेदात लहान कोनाचा साइन असला की मोजमापातली बारीक चूक फुगते. प्रत्यक्ष मोजणी करताना म्हणून दोन बिंदू एकमेकांपासून शक्य तितके दूर घ्यावेत.

असाच धोका व्यस्त साइनमध्ये ९०° च्या आसपास असतो. साइन ०.९९९ असेल तर कोन ८७.४४°, आणि ०.९९९५ असेल तर ८८.१९°. चौथ्या दशांश स्थळातल्या फरकाने कोन पाऊण अंशाने हलला. कोसाइनचं उलट आहे, तो ०° आणि १८०° च्या जवळ असा वागतो. म्हणून मधल्या पायरीवर आकडे तोडू नका, कॅल्क्युलेटरमधली पूर्ण किंमत पुढे न्या आणि फक्त शेवटच्या उत्तरात दोन दशांश ठेवा.

पडताळा

कोनांची बेरीज सगळेच करतात. त्यापेक्षा उपयोगी तपासणी क्रमाची: मोठ्या बाजूसमोर मोठा कोन, लहान बाजूसमोर लहान. वर ९१.८४° ची चूक तिनेच पकडली. वेळ असेल तर क्षेत्रफळ दोन प्रकारे काढा. ८, ११, १५ च्या त्रिकोणात ½ × ८ × ११ × साइन १०३.१४° = ४२.८५. हेरॉनच्या सूत्राने अर्धपरिमिती १७, म्हणून १७ × ९ × ६ × २ = १८३६ चं वर्गमूळ, तेही ४२.८५.

सरावासाठी

पहिलं: बाजू १३, १४, १५. कोन ५३.१३°, ५९.४९° आणि ६७.३८° यायला हवेत, क्षेत्रफळ बरोबर ८४.

दुसरं: अ = ३०°, र = १२, य = ६. साइन ब किती येतो ते पाहून किती त्रिकोण होतील ते आधी सांगा, मग ल काढा. उत्तर १०.३९.

तिसरं: अ = १२०°, र = ५, य = ७. कोसाइनच्या नियमाने ल² + ५ल − २४ = ० मिळतं, त्यातून ल = ३. आता र च्या जागी ८ घ्या, य तोच ७ ठेवा, आणि समीकरणाला एकही धन मूळ का मिळत नाही ते आकृतीवरून समजावून पाहा.